‘कर्ता’ कोणता? इंग्रजी वाक्यरचनेचे मराठी आकलन

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात इंग्रजीचे अध्यापन रूढ होऊ लागले, तेव्हा त्या भाषेच्या नियमांबरोबरच व्याकरण म्हणजे काय याविषयीची एक विशिष्ट कल्पनाही येथे आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीसमोर आदर्श होता तो लिंडले मरे यांच्या १७९५ सालच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे यांचा ग्रंथ स्वतः रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ सालच्या व्याकरणाचा ऋणी होता आणि त्या साऱ्या परंपरेमागे लॅटिन व्याकरणाची चौकट उभी होती. म्हणजे इंग्रजीसाठीही जी चौकट उसनी होती, तीच पुढे मराठीला मिळाली. येथे मात्र तिची गाठ संस्कृत व्याकरणाच्या समृद्ध परिभाषेशी पडली.

या गाठभेटीतून काही ठिकाणी डोळस फेरबदल झाले. यास्काने पदांच्या चार जाती मानल्या होत्या, तर मरे यांनी शब्दांच्या नऊ. मराठीत आठ स्थिरावल्या, कारण ‘आर्टिकल’ला मराठीत जागा नव्हती. इंग्रजीत नामापूर्वी येणारा संबंधदर्शक शब्द मराठीत नामानंतर येतो; म्हणून त्याचे नाव स्थानावरून न ठेवता ‘शब्दयोगी’ असे ठेवले गेले.

वाक्याच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक बिकट होता. इंग्रजीचा ‘सब्जेक्ट’ मराठीत कधी ‘उद्देश्य’ झाला, तर बहुधा ‘कर्ता’. परंतु संस्कृत परंपरेतील कर्ता हे कारक आहे. क्रिया करण्यात जो स्वतंत्र, तो कर्ता. वाक्यरचना बदलली तरी त्याचे कर्तेपण ढळत नाही. इंग्रजीचा ‘सब्जेक्ट’ मुख्यतः वाक्यातील स्थानाने आणि क्रियापदाशी असलेल्या संबंधाने ठरतो. ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ या वाक्यात ‘सब्जेक्ट’ आंबा आहे, कर्ता मात्र रामच. दोन भिन्न संकल्पनांना एकच नाव मिळाल्याने हा भेद झाकला गेला.

‘पॅसिव्ह व्हॉइस’ला ‘कर्मणी प्रयोग’ म्हटल्याने गोंधळ आणखी वाढला. ‘राम पोळी खातो’ याचे भूतकाळी रूप ‘रामाने पोळी खाल्ली’ असे होते. येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून प्रयोग कर्मणी. ही रचना संस्कृतातील ‘क्त’ प्रत्ययान्त कर्मणी रचनेची वंशज असल्याने त्या नावास ऐतिहासिक आधारही आहे. पण बहुतेक सकर्मक क्रियापदांच्या बाबतीत ही रचना मराठी भाषकाने निवडलेली नसते. काळच ती लादतो. इंग्रजीतील ‘पॅसिव्ह’ ही निवड असते: कर्माला पुढे आणावे, कर्त्याला मागे सारावे किंवा गाळूनच टाकावे, यासाठी केलेली. ‘रामाने पोळी खाल्ली’ याचे स्वाभाविक इंग्रजी रूप ‘ॲक्टिव्ह’च आहे. परिभाषेवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र तेथे ‘पॅसिव्ह’ दिसणे अगदी शक्य होते.

‘मला भूक लागली’ हेही असेच उदाहरण. अनुभव घेणारी व्यक्ती येथे चतुर्थीत आहे आणि क्रियापद ‘भूक’ या नामाशी जुळते. इंग्रजीत तीच व्यक्ती ‘सब्जेक्ट’च्या जागी बसते. दोन्ही वाक्यांचा आशय एकच; पण भूक कोणाच्या आधीन, याविषयीची त्यांची व्याकरणिक मांडणी निराळी आहे.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाने चिकित्सेला व्यापक आधार दिला. अरविंद मंगरूळकर यांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) करताना उसन्या चौकटींचाच प्रश्न पुढे आणला. दरम्यान शालेय व्याकरणात ‘रावण रामाकडून मारला गेला’ अशा वाक्यांसाठी ‘नवीन कर्मणी’ हे वेगळे नाव रुळले आणि त्याचा संबंध इंग्रजीच्या ‘पॅसिव्ह’शी जोडला गेला. ‘नवीन’ या विशेषणातच जुने नाव पुरे पडत नसल्याची कबुली आहे.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व येथेच आहे. भाषांतरात कर्ता लपला की उघड झाला, यावरून अभ्यासक अनेकदा जबाबदारीविषयी, सत्तेविषयी निष्कर्ष काढतात. परंतु ज्या संज्ञांच्या आधारे ही तुलना होते, त्या संज्ञा स्वतःच भाषांतरित आहेत. तेव्हा दोन वाक्यांची तुलना करण्यापूर्वी ‘कर्ता’ हा शब्द कोणत्या परंपरेतून बोलतो आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.