काळी शेळी आणि रातांधळेपणा

आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच राहिली. रंगाने बहुधा काळीभोर, दूध मात्र पांढरेशुभ्र. त्याच माळावर चरणाऱ्या गाईच्या दुधाला पिवळसर झाक असते. मग शेळीच्या दुधातला पिवळेपणा जातो कुठे?

हिरव्या पाल्यात कॅरोटीन नावाचे पिवळे द्रव्य असते. शेळी जवळजवळ सारे फोडून त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व करते. गाय काही तसेच ठेवते, ते दुधात उतरते. माणसाला हे जीवनसत्त्व कमी पडले, की दिवेलागणीलाच अंधारून येते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर पिंपळीसह शिजवलेले शेळीचे यकृत सांगितले आहे. त्यातले मर्म उलगडायला विसावे शतक उजाडले. अमेरिकेत स्टीनबॉक यांनी १९१९ च्या सुमारास पाहिले, की पिवळ्या मक्यावर उंदीर पोसतात, पांढऱ्यावर खंगतात. १९३० साली केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी उंदरांना कॅरोटीन चारून त्यांच्या यकृतात तयार झालेले ‘अ’ जीवनसत्त्व दाखवले.

झाले! पालेभाजी खा, गाजर खा, हा उपदेश घरोघर पोचला. आम्ही मास्तरांनीही तो फळ्यावर लिहिला. खोटा नव्हे, पण अपुरा. एक तर तेलातुपावाचून कॅरोटीन अंगी लागत नाही. दुसरे, ते फोडणारे आतड्यातले पाचकद्रव्य प्रत्येकाला वारशाने सारखे मिळत नाही. २००९ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या संशोधकांनी त्या जनुकातले दोन फरक तपासले. दोन्ही फरक असलेल्या स्त्रियांत हे रूपांतर ६९ टक्क्यांनी कमी भरले. एकच भाजी, एकच पंगत. पण एकाला पुरते, दुसऱ्याला नाही.

माझ्या लहानपणी गल्लीतला एक मुलगा सांजवेळी उंबऱ्याला ठेचकाळे. “आईच खाऊ घालत नाही,” असे बायाबापड्या बोलत. त्या माउलीच्या चुलीवर शेवग्याचा पाला मी कितीदा पाहिला होता! त्याचे कारण वारशातच होते, असे मी म्हणत नाही, तपासले कोणी? पुढे त्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस मिळाला. लहान मुलांसाठी ही सरकारी योजना १९७० पासूनची. डोसात जीवनसत्त्व तयारच असते, शरीराला काही फोडावे लागत नाही. मुलगा संध्याकाळी विटीदांडू खेळू लागला. त्याच्या आईला मात्र, “बाई, तुझे काही चुकले नव्हते,” असे कोणी जाऊन सांगितले नाही.