हौशी विमानबांधणी

हौशी विमानबांधणी : छंद किंवा शिक्षण म्हणून, स्वतःच्या वापरासाठी व्यक्तीने वा छोट्या गटाने विमान बांधणे. विमान केवळ आराखड्यावरून घडवता येते किंवा कारखान्यातून आलेल्या सुट्या भागांच्या संचातून (किट) जोडता येते. अमेरिकेत अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने केलेले असावे लागते. कारखान्यात नमुना प्रमाणित होतो आणि पुढची विमाने त्याबरहुकूम तयार होतात. घरी बांधलेले प्रत्येक विमान मात्र वेगळे असते. त्यामुळे त्याची सुरक्षितता त्या एकाच विमानाच्या तपासणीवर, नोंदींवर आणि चाचण्यांवर अवलंबून राहते.

इतिहास : 1930 च्या दशकात फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांच्या ‘पू-द्यू-सिएल’ या छोट्या विमानाने युरोपातील हौशी लोकांना वेड लावले. लागोपाठच्या प्राणांतिक अपघातांनंतर त्याची पूर्णाकृती वातबोगद्यात चाचणी झाली. नाक खाली झुकल्यावर पुढच्या-मागच्या पंखांच्या परस्परपरिणामामुळे विमान सूर मारण्यातून सावरत नाही, असे आढळले. अमेरिकेत 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली आणि या छंदाला संघटित रूप आले.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ अशी नोंदणी मिळाली. नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. ती परवानगी 2019 मध्ये मिळाली आणि 2020 मध्ये धुळे विमानतळावर विमान आकाशात झेपावले.

वडोदरा : शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईत विमान उडवले आणि वडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड तेथे हजर होते, अशी आख्यायिका आहे, तिला भक्कम समकालीन पुरावा नाही. आज वडोदरा शहरात टाटा-एअरबसचा सी-295 लष्करी वाहतूक विमानांचा जुळणी कारखाना आहे (उद्‌घाटन 28 ऑक्टोबर 2024). हौशी बांधणाऱ्याला मात्र येथील हवामान महत्त्वाचे. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटर उंच आहे. तरी 42 अंश सेल्सिअसच्या दुपारी हवा सुमारे एक हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. परिणामी धावपट्टीवरची धाव लांबते आणि चढण्याचा वेग घटतो. उन्हाळ्यात इपॉक्सी लवकर घट्ट होते, तर पावसाळी दमटपणात तिचा पृष्ठभाग चिकट राहून पुढचा थर नीट धरत नाही. संमिश्र द्रव्याची विमाने बहुधा पांढरी रंगवतात, ती उन्हाने सांगाडा तापून मऊ पडू नये म्हणून.

बांधणी : बोल्ट व नट विमानासाठीच्या प्रतीचे वापरतात, ठरावीक जोर लावून ते घट्ट केल्यावर त्यांवर रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरल्याचे कळते. आवरण बंद करण्यापूर्वी आतले काम दुसऱ्या जाणकाराने तपासणे आवश्यक असते. पूर्ण झालेले विमान तीन काट्यांवर तोलून गुरुत्वमध्य काढतात. तो मर्यादेपेक्षा मागे गेल्यास विमान अस्थिर होते.

फेरफार : लहान वाटणारा बदलही घातक ठरू शकतो. एलेरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) रंगाचा जादा थर दिल्यास बिजागरीमागचे वजन वाढते आणि वेगात अनावर कंप (फ्लटर) सुरू होऊन पंख मोडू शकतो. म्हणून रंगकामानंतर समतोल पुन्हा तपासतात. मोटारीचे इंजिन बसवून मोटारीचेच पेट्रोल वापरल्यास त्यातील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व टाकीचा लेप खराब करू शकते. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये कॅलिफोर्नियात ‘लाँग-ईझी’ विमानाच्या अपघातात दगावले. त्या विमानाच्या बांधणाऱ्याने इंधनटाकी बदलण्याची कळ आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवण्यासाठी मागे वळताना उजवे रडर नकळत दाबले गेले, असा तपासाचा निष्कर्ष होता. उड्डाणापूर्वी पुरेसे इंधन भरले नव्हते, हेही अपघाताचे कारण ठरले.

चाचणी : आधी जमिनीवर इंधनप्रवाह मोजतात. पंपाने इंधन येत असल्यास तो उड्डाणकाळच्या कमाल गरजेच्या 125 टक्के, आणि केवळ गुरुत्वाने येत असल्यास 150 टक्के असावा, असा संकेत आहे. त्यानंतर इंजिनचाचणी, धावपट्टीवरील धाव आणि शेवटी उड्डाण. अमेरिकेत सहसा सुरुवातीचे 25 ते 40 तास नेमून दिलेल्या क्षेत्रातच उडावे लागते आणि प्रवासी नेता येत नाही. भारतात नोंदणी व उड्डाणपरवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. मोठा फेरफार केल्यास जुन्या चाचण्यांचे निष्कर्ष पुरेसे राहत नाहीत. तोलणी व उड्डाणचाचणी पुन्हा करून विमानाच्या नोंदवहीत त्यांची नोंद करावी लागते.