नृत्य आणि छायाचित्र

कवी गेला तरी त्याची पोथी मागे राहते; गवई गेला तरी त्याची चीज शिष्याच्या कंठात राहते. नर्तकाच्या कलेचे तसे नाही. पडदा पडला की ती संपली. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये मारी ताल्योनी ही नर्तिका ‘ला सिल्फीद’ या बॅलेत पायांच्या बोटांच्या टोकांवर तोल सावरीत नाचली आणि बॅलेचे एक नवे युग सुरू झाले. ती कशी दिसत होती हे आज पाहू गेले तर शिळाछापाची चित्रेच काय ती हाती लागतात. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती सात वर्षांनंतर, १८३९ मध्ये. नृत्याला आता खरा साक्षीदार मिळेल, अशी आशा त्या कलेने निर्माण केली. ती फळास येण्यास मात्र फार काळ लागला; आणि मधल्या काळात हा साक्षीदार पुष्कळदा खोटे बोलला.

याचे कारण यंत्रातच होते. आरंभीच्या काचांवर प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत, आणि तेवढा वेळ समोरचे माणूस हलता कामा नये. हालचाल हेच जिचे जीवन, त्या कलेला अट मिळाली ती स्तब्धतेची! म्हणून नर्तिकेला रंगमंचावरून चित्रशाळेत नेत, रंगविलेल्या पडद्यापुढे उभी करीत, उचललेला पाय खालून टेकूने किंवा वरून तारेने तोलून धरीत, आणि नंतर ती तार चित्रावरून पुसून टाकीत. विख्यात रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा १९२२-२३ च्या दौऱ्यात हिंदुस्थानातही येऊन गेली. आपल्या छायाचित्रांतील बुटांची टोके ती खरवडून अधिक निमुळती करून घेई. प्रत्यक्षात ज्या आधारावर तिचा तोल राही, तो चित्रात नाहीसा होई. असामान्य नर्तिकेलाही चित्रात अधिक असामान्य दिसण्याचा मोह आवरला नाही.

पुढे काचा शीघ्रग्राही झाल्या. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने ओळीने कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची पावले टिपली, आणि डोळ्यांना जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसते हे सिद्ध केले. पण रंगमंचावरचा प्रकाश तेव्हा फारच अपुरा होता. लोई फुलर या अमेरिकन नर्तिकेने १८९२ पासून पॅरिस वेडे केले ते रेशमी वस्त्रांच्या लाटांवर विजेच्या रंगीत झोतांचा खेळ करून. तिची १९०० च्या सुमारास सॅम्युएल बेकेट याने घेतलेली छायाचित्रे सुंदर आहेत. पण ती बागेत, लख्ख उन्हात घेतलेली आहेत. वस्त्राची लाट त्यांत सापडली. ज्या अंधारातून ती उजळत असे तो अंधार आणि ते रंग मात्र बाहेरच राहिले.

मग छायाचित्रकाराने करावे तरी काय? विसाव्या शतकाने या प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे दिली.

पहिले उत्तर असे की, नृत्य समजून घ्यावे, त्याचा गाभा ज्या क्षणी प्रकट होतो तो क्षण निवडावा, आणि तेवढाच कॅमेऱ्यासमोर पुन्हा घडवावा. १९१२ मध्ये निजिन्स्कीने ‘फॉन’चा बॅले रचला. त्यातील आकृती प्राचीन ग्रीक कलशांवरील चित्रांप्रमाणे बाजूने दिसणाऱ्या, चपट्या आणि कोनयुक्त होत्या. बॅरन द मेयर याने त्यांची छायाचित्रे घेतली व १९१४ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. नृत्यच शिल्पासारखे असल्यामुळे येथे स्तब्धतेने त्याचा घात केला नाही. निजिन्स्की नाचत असतानाचा एकही चलत्‌चित्रपट आज उपलब्ध नाही. म्हणून या चित्रांचे मोल फार मोठे आहे. पुढे १९३५ पासून बार्बरा मॉर्गन हिने हीच वाट अमेरिकेत नेटाने चोखाळली. मार्था ग्रॅहमचे नृत्य ती आधी पुनःपुन्हा पाही, त्यातले कोणते क्षण मनात ठसून राहतात याचा शोध घेई आणि मगच दिवे मांडी. ‘लॅमेंटेशन’ या नृत्यात ग्रॅहम बाकावर बसून ताणल्या जाणाऱ्या कापडी नळीत स्वतःला कोंडून घेते. शोक म्हणजे आतून ताणले जाणे, हे त्या कापडाच्या सुरकुत्याच सांगतात. मॉर्गनचे सोळा नृत्यांचे पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे उत्तर अलेक्सी ब्रोडोव्हिच याने दिले. तारुण्यात त्याने पॅरिसमध्ये रशियन बॅलेसाठी पडदे रंगविले होते. १९३५ ते १९३७ या काळात न्यूयॉर्कला येणाऱ्या बॅले मंडळ्यांची छायाचित्रे त्याने लहान कॅमेऱ्याने, असेल त्याच प्रकाशात घेतली. कोणालाही ‘जरा थांबा’ म्हटले नाही. साहजिकच नर्तकांच्या आकृती पुसट झाल्या, दिव्यांचे ओघळ उमटले, कणीदारपणा आला; तो त्याने लपविला नाही, उलट वाढविला. १९४५ च्या ‘बॅले’ या पुस्तकातील १०४ चित्रांत नर्तकाचा चेहरा क्वचितच स्पष्ट दिसतो, पण वेग दिसतो. पूर्वी जो दोष मानला जाई, तोच येथे साक्ष देऊ लागला.

या दोन्ही वाटांना एक गोष्ट समान आहे: छायाचित्रकाराला नृत्य ठाऊक असावे लागते. नर्तक उडी घेतो तेव्हा सर्वोच्च बिंदूवर त्याची वर जाण्याची गती संपलेली असते आणि खाली येण्याची सुरू झालेली नसते. हा निमिषमात्र विराम मंद प्रकाशातही पकडता येतो. पण तो डोळ्यांनी पाहून कळ दाबली तर वेळ टळून गेलेली असते. तो संगीतावरून, नर्तकाच्या श्वासावरून आधीच ओळखावा लागतो. १९५७ मध्ये तालमींची छायाचित्रे घेऊन नावारूपास आलेली मार्था स्वोप स्वतः नृत्याची विद्यार्थिनी होती, हा योगायोग म्हणता येत नाही. तिच्या संग्रहातील दहा लाखांहून अधिक प्रतिमा २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आल्या.

एका क्षणात नृत्य किती मावते, हा प्रश्न पुढे न्यायालयासमोरही उभा राहिला. थोर नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन १९८३ मध्ये निवर्तला. त्याच्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेची छायाचित्रे असलेले एक पुस्तक निघू घातले, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्यांनी हरकत घेतली. स्थिर चित्रांवरून नृत्य पुन्हा उभे करता येत नाही, सबब त्यांत नक्कल नाही, असे खालच्या न्यायालयाचे मत पडले. १९८६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ही कसोटी चुकीची ठरविली. उडीच्या एका चित्रावरूनही पाहणाऱ्याला कळते की, नर्तक क्षणापूर्वी जमिनीवरून उसळला आणि क्षणानंतर खाली येणार आहे. एका क्षणाला मागचा व पुढचा क्षण चिकटलेला असतो, हे कलावंतांना ठाऊक असलेले सत्य तेथे कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

तथापि या सत्यालाही मर्यादा आहे. निजिन्स्कीचाच ‘वसंतविधी’ हा बॅले २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये प्रचंड गदारोळात सादर झाला आणि मोजक्या प्रयोगांनंतर लुप्त झाला. १९८७ मध्ये मिलिसेंट हॉडसन हिने तो अमेरिकेत पुन्हा उभा केला. तिच्यापुढे नर्तकसमूहांची थोडी छायाचित्रे होती. परंतु तेवढ्यावर भागले नाही. प्रेक्षागृहात बसून काढलेली रेखाटने, संगीताच्या प्रतीवरील टिपणे, वृत्तपत्रांतील परीक्षणे यांची जोड द्यावी लागली. छायाचित्राने वेष आणि ठेवण सांगितली. एका ठेवणीतून दुसरीकडे नर्तक कसा गेला, हे ते सांगू शकले नाही.

आज कॅमेरा आवाज न करता मिणमिणत्या उजेडातही सेकंदाला अनेक चित्रे घेतो. तारेची आणि टेकूची गरज उरलेली नाही. पण चित्र खरवडण्याची सोय मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे. अशा वेळी छायाचित्राखालची एक साधी ओळ मोलाची ठरते: नृत्य कोणते, नर्तक कोण, तारीख कोणती, आणि हा क्षण प्रयोगातला की कॅमेऱ्यासाठी मुद्दाम घडविलेला. ताल्योनीच्या वाट्याला असा साक्षीदार आला नाही. ज्यांच्या वाट्याला तो आला आहे, त्यांच्या कलेविषयी शंभर वर्षांनी कोणाला काही जाणून घ्यावयाचे झाले, तर त्या चित्रावर किती विश्वास टाकावा हे त्याला ती ओळच सांगेल.