रांगेपासून खात्यापर्यंत : घरगुती इंधन आणि सरकारी साहाय्य, १९५५ ते २०२४

सरकारी साहाय्याचा इतिहास लिहू लागलेल्या अभ्यासकाची दृष्टी साहजिकच अंदाजपत्रकातील आकड्यांकडे वळते. साहाय्य किती होते, केव्हा वाढले, केव्हा घटले, हे प्रश्न तो प्रथम विचारतो. ते आवश्यक आहेतच. परंतु स्वयंपाकाच्या इंधनाच्या बाबतीत त्यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. तो म्हणजे, साहाय्य कोणत्या रूपाने घरापर्यंत पोहोचत होते? किंमत कमी ठेवून दिलेले साहाय्य, सिलिंडरांची संख्या ठरवून दिलेले साहाय्य आणि बँकेतील खात्यात जमा केलेले साहाय्य यांची रक्कम एकच असली, तरी त्यांचे सामाजिक परिणाम एकच असतात असे नाही. साहाय्याचे रूप जसजसे बदलत गेले, तसतशी त्यातील घट जाणवण्याची जागाही बदलली. जी चिंता एके काळी रस्त्यावर दिसत असे, ती क्रमाने घराच्या चार भिंतींआड गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१

विसाव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत चूल आणि शेगडी यांचेच राज्य होते. सरपण, गोवऱ्या आणि कोळसा ही मुख्य इंधने. दिव्यासाठी आणि शहरांत स्टोव्हसाठी रॉकेल. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरमधील गॅसची विक्री सुरू केली, आणि ‘बर्शेन’ हे नाव मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठेचे चिन्ह होऊन बसले. त्याच वर्षी संसदेने जीवनावश्यक वस्तूंचा कायदा संमत केला. पुढे रॉकेलच्या वाटपावरील नियंत्रणाला या कायद्याचाच आधार मिळाला.

तेलाच्या किमती त्या वेळी परदेशी कंपन्यांच्या आयात-हिशेबावर ठरत. त्या हिशेबाची पहिली महत्त्वाची सरकारी चिकित्सा दामले समितीने १९६१ मध्ये केली. तेव्हापासून इंधनाची किंमत हा केवळ व्यापाराचा विषय न राहता शासनाच्या उत्तरदायित्वाचा विषय झाला. किंमत शासन ठरवते, म्हणून किमतीबद्दल जाब शासनाला विचारावयाचा, ही लोकांची समजूत याच काळात रुजत गेली असे मानावयास जागा आहे.

२

या समजुतीचा सर्वांत ठळक आविष्कार १९७२ नंतरच्या मुंबईत दिसतो. राज्यात भीषण दुष्काळ पडला होता. धान्य, साखर, खाद्यतेल आणि रॉकेल यांची टंचाई होती. अशा वेळी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या निरनिराळ्या पक्षांच्या कार्यकर्त्या तीत एकत्र आल्या. लाटणी हाती घेऊन आणि थाळ्या वाजवीत निघालेले त्यांचे मोर्चे सुपरिचित आहेत. १९७३ च्या अखेरीस जागतिक बाजारात तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला, आणि टंचाईत भाववाढीची भर पडली.

या चळवळीचे श्रेय नेतृत्वाला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेल्या एका साध्या परिस्थितीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती परिस्थिती म्हणजे रांग. रॉकेलचा डबा घेऊन शिधावाटप दुकानापुढे उभ्या असलेल्या स्त्रिया एकमेकींना दिसत होत्या. भाव एकच, टंचाई एकच आणि दुकानाच्या दारावरची ‘माल संपला’ ही पाटीही सर्वांना एकच. घरातली अडचण ही केवळ आपल्या घराची नाही, याचे ज्ञान तेथे कोणी सांगावे लागत नव्हते. रांगेने स्त्रियांचे तासन्‌तास खाल्ले हे खरे, परंतु त्यांना एकत्रही तिनेच आणले. १९७७ च्या निवडणुकीत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या. या विजयास आणीबाणीविरुद्धचा रोष मुख्यतः कारण झाला, तरी त्यांच्या सार्वजनिक प्रतिमेची घडण आधीच्या त्या मोर्च्यांत झालेली होती.

३

१९७५ साली तेल समन्वय समिती अस्तित्वात आली आणि किमतींच्या प्रशासकीय नियंत्रणाची व्यवस्था स्थिरावली. पेट्रोल व विमानाचे इंधन महाग ठेवून त्यातून रॉकेल व घरगुती गॅस स्वस्त ठेवावयाचा, आणि ही देवघेव तेल संचय खात्यात मांडावयाची, असे तिचे स्वरूप होते. दरम्यान, ‘एस्सो’ १९७४ मध्ये आणि बर्मा शेल १९७६ मध्ये शासनाच्या ताब्यात आल्या. साहाय्य आता किमतीतच मुरलेले होते. गृहिणीला ते वेगळे मोजावे लागत नव्हते. भाव वाढला तर तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येई आणि विधिमंडळात व संसदेत गाजे.

या व्यवस्थेचे दोष झाकण्याचे कारण नाही. गॅसजोडणी प्रामुख्याने शहरातील सुस्थितीतील घरांत असल्यामुळे गॅसवरील साहाय्याचा मोठा वाटा त्यांनाच मिळत होता. २०११ च्या जनगणनेतही देशातील अवघी २८.५ टक्के कुटुंबे गॅसवर स्वयंपाक करीत होती, तर जवळजवळ निम्मी सरपणावर. दुसरीकडे, स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांतील तफावतीने भेसळीचा धंदा पोसला. मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. गरिबांच्या नावाने ठेवलेला स्वस्त भाव कोणाच्या हाती जात होता, याची ही भयंकर साक्ष होय. सुधारणेची मागणी केवळ बाजारवाद्यांची नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

४

१ एप्रिल २००२ रोजी प्रशासकीय किंमतव्यवस्था औपचारिकरीत्या संपली. साहाय्य तेल संचय खात्यातून निघून केंद्राच्या अंदाजपत्रकात आले आणि प्रथमच त्याला ठरावीक आकडा मिळाला : २००२-०३ साठी सिलिंडरमागे ६७ रुपये ७५ पैसे आणि रॉकेलच्या लिटरमागे २ रुपये ४५ पैसे. ते काही वर्षांत बंद करण्याचा संकल्प होता. त्याप्रमाणे हे आकडे एकतृतीयांशावर, म्हणजे अनुक्रमे २२ रुपये ५८ पैसे आणि ८२ पैसे इतके खाली आणले गेले. परंतु जागतिक भाव चढत गेले आणि किरकोळ किमती त्या प्रमाणात वाढविण्याचे धैर्य कोणत्याच सरकारला झाले नाही. उरलेली तूट तेलकंपन्यांच्या हिशेबात साचत गेली.

यानंतरचा टप्पा संख्येचा. सप्टेंबर २०१२ मध्ये सवलतीच्या सिलिंडरांवर वर्षाला ६ अशी मर्यादा आली. जानेवारी २०१३ मध्ये ती ९, तर २०१४ मध्ये १२ करण्यात आली. मर्यादेचे हे दीड वर्ष वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु रांगेच्या काळात जो प्रश्न ‘मिळेल की नाही’ असा होता, तो आता ‘वर्षभर पुरेल की नाही’ असा झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराकडे होते. दुसऱ्याचे उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सिलिंडर लावल्याच्या तारखेभोवती खूण करणाऱ्या गृहिणीकडे होते. टंचाईचे नियोजन शासनाकडून घराकडे सरकले ते येथे.

५

१ जानेवारी २०१५ पासून ‘पहल’ योजना देशभर लागू झाली. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजावयाची आणि साहाय्य नंतर त्याच्या खात्यात यावयाचे, ही तिची रीत. गळती रोखण्याच्या दृष्टीने ती सयुक्तिक होती. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तिची आठ कोटीवी जोडणी देण्यात आली. जोडण्यांचा हा विस्तार निःसंशय मोठा होता. मात्र जोडणी असणे आणि सिलिंडर भरून आणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१९-२० मध्ये उज्ज्वला लाभार्थी कुटुंबाने वर्षाला सरासरी सुमारे ३ सिलिंडर घेतले. उरलेला स्वयंपाक चुलीवरच होत राहिला, हे उघड आहे.

मे २०२० मध्ये जागतिक भाव इतके कोसळले की, बाजारभाव आणि सवलतीचा भाव यांत अंतरच उरले नाही. दिल्लीत सिलिंडर ५८१ रुपये ५० पैशांना झाला आणि खात्यात जमा होणारी रक्कम शून्यावर आली. पुढे भाव चढले. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत तो १,१०३ रुपये झाला. पण दुर्गम भागांतील वाहतूकखर्चाची अल्प भरपाई वगळता सर्वसाधारण ग्राहकाचे साहाय्य परतले नाही. उज्ज्वला कुटुंबांना मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये मिळू लागले. तेलकंपन्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी रुपयांची एकरकमी भरपाई मंजूर झाली. रॉकेलचा भाव २०१६ पासून पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढवीत नेण्यात आला, आणि अखेर त्यावरील साहाय्यही संपुष्टात आले. महाराष्ट्रात २०२४ साली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ३ सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले. म्हणजे साहाय्य पुन्हा संख्येच्या रूपात अवतरले.

येथे इतिहासकाराने थांबून विचार करावा असा मुद्दा आहे. साहाय्य बंद करण्याची घोषणा २०२० मध्ये झाली नाही. किंमत वाढविली असती तर तिला तारीख असती, आणि तारीख असती तर विरोधालाही दिवस मिळाला असता. खात्यात न आलेल्या रकमेला तारीख नसते. ती आपल्या एकट्याच्या खात्यात आली नाही की कोणाच्याच आली नाही, आधारजोडणीत चूक झाली की धोरणच बदलले, हे ग्राहकाला ठरविता येत नाही. महागाईविरुद्ध निदर्शने या काळातही झाली. परंतु घटलेले साहाय्य हा त्यांचा केंद्रबिंदू क्वचितच होता. याची कारणे अनेक असतील. साहाय्याचे बदललेले रूप हे त्यांपैकी एक होय, असे आम्हांस वाटते.

६

यावरून रांगेचा काळ बरा होता, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या काळी चुलीच्या धुरात बसलेल्या ग्रामीण स्त्रीपर्यंत गॅस पोहोचलाच नव्हता, आणि थेट हस्तांतराने गळती कमी केली हेही मान्य केले पाहिजे. आमचे म्हणणे मर्यादित आहे. जे साहाय्य सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, त्यातील घट सार्वजनिक प्रश्न बनते. जे प्रत्येकाच्या खात्यात वेगळे पोहोचते, त्यातील घट खाजगी काटकसर बनते. साहाय्याचा इतिहास त्याच्या रकमेबरोबर त्याच्या दृश्यतेचाही इतिहास असला पाहिजे.

त्यासाठी लागणारी साधने शासकीय दप्तरांत पुरेशी नाहीत. ती आहेत घराघरांतील जमाखर्चाच्या वह्यांत, गॅसच्या नोंदपुस्तिकांत आणि गॅसजोडणीचा शिक्का मारलेल्या जुन्या शिधापत्रिकांत. कोणत्या महिन्यात सिलिंडर लांबविला, कोणत्या महिन्यात पुन्हा सरपण विकत घेतले, दुधाचा रतीब केव्हा अर्ध्यावर आणला, याचा पुरावा तेथेच सापडेल. ही कागदपत्रे झपाट्याने रद्दीत जात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी, आपल्या आजीच्या वा शेजारणीच्या कपाटापासून या संकलनास आरंभ केल्यास पुढील अभ्यासाचा पाया घातला जाईल.