शिक्का मारलेली चिठ्ठी

मी राहतो त्या कोक्विटलामपासून व्हँकुव्हर जवळच. फ्लिकर हे फोटोंचं संकेतस्थळ २००४ मध्ये तिथेच सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी याहूने ते विकत घेतलं. मला त्यातल्या फोटोंपेक्षा कुकीचं जास्त कौतुक!

वेब मुळातच विसरभोळं. प्रत्येक विनंती सर्व्हरला नवीनच. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी आणली, म्हणजे ब्राउझरजवळ ठेवायची चिठ्ठी. बहुतेक ठिकाणी चिठ्ठीवर नुसता क्रमांक असे, बाकी हिशोब सर्व्हरकडे. वाण्याची उधारीची वहीच म्हणा ना!

गर्दी वाढून एकाची दहा दुकानं झाली की घोटाळा. वही पहिल्या दुकानात, गिऱ्हाईक तिसऱ्यात. त्याला कायम एकाच दुकानात पाठवावं, तर ते बंद पडताच लॉगिन गेलं, अर्धा भरलेला फॉर्मही गेला. सगळ्यांची मिळून एकच वही ठेवावी, तर तिच्यापुढे रांग.

फ्लिकरचे कॅल हेंडरसन व्याख्यानांतून वेगळाच उपाय सांगत: वहीच नको! सदस्याचा क्रमांक आणि नाव चिठ्ठीवरच लिहा, वर गुप्त किल्लीने शिक्का मारा. तो कुठल्याही दुकानात तपासता येतो, खाडाखोड लगेच कळते.

पण चिठ्ठी चोरीला गेली तर? वहीच नाही, मग नाव खोडणार कुठून? म्हणून चिठ्ठीला मुदत घालतात. २०१५ मध्ये प्रमाणित झालेलं जेडब्ल्यूटी टोकन याच वळणाचं. तेव्हा मंडळी, एखादं संकेतस्थळ पुन्हा पासवर्ड मागू लागलं, तर कदाचित चिठ्ठीची मुदत संपली असेल.