दऱ्या आणि दर्या

भोर-वेल्ह्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला दोन शब्द टाळता येत नाहीत : खोरे आणि दरी. भोरकडे रोहिडखोरे, वेल्ह्याकडे कानदखोरे. आणि राजगड-तोरण्यावरून दिसतात त्या दऱ्या. यातला ‘ऱ्या’ चुकून ‘र्या’ झाला की दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे सह्याद्रीत समुद्र येतो.

युनिकोडच्या १९९६च्या २.० आवृत्तीत हा ‘ऱ्य’ र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिला जाई. पुढे ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची, भारतीय ‘इस्की’ मानकाशी जुळणारी रीत आली. पण जुने मजकूर वाचता यावेत म्हणून आधीचीही राखली. परिणामी ‘दऱ्या’ हा शब्द कुठे पाच चिन्हांचा, कुठे सहा चिन्हांचा. डोळ्याला दोन्ही एकच. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सहसा सापडत नाही.

मग संगणकभाषांनीच हे दोन्ही एक का मानू नयेत? जावा किंवा पायथनचे प्रोग्रॅम ज्या यंत्रणेवर चालतात, ज्याला रनटाइम म्हणतात, ती शब्दांची तुलना अंकाला अंक लावून करते. त्यात वेग आहे. प्रत्येक तुलनेआधी अर्थैक्य तपासायचे ठरवले तर वेग जाईल आणि जुन्या तुलनेवर विसंबलेले प्रोग्रॅम बिघडतील. मोडतोडीची किंमत काय असते हे पायथनने अनुभवले. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीने अक्षरमजकूर आणि बाइट यांची फारकत केली, आणि दुसरी आवृत्ती २०२० उजाडेपर्यंत सांभाळावी लागली. जावाने उलट केले. २०१७च्या नवव्या आवृत्तीत लॅटिन मजकुराला प्रत्येक अक्षरामागे दोनांऐवजी एकच बाइट पुरू लागला, तोही जुन्या प्रोग्रॅमना धक्का न लावता. देवनागरी दोन बाइटांवरच राहिली. निर्णय शहाणपणाचाच होता, हे मान्य करूनही वाटते की काटकसर इंग्रजीच्या पदरात पडली आणि जुन्या-नव्याचे ओझे आपल्या.

युनिकोडचे प्रमाणीकरणही येथे अपुरे पडते. नुक्ता लावलेला ‘र’ आणि ‘ऱ’ ते एक करते, अदृश्य जोडचिन्हाला हात लावत नाही. तेव्हा मावळच्या कागदपत्रांचे पाठ संगणकावर आणणाऱ्या संपादकाने शोधासाठीची प्रत स्वतःच एका रीतीत आणावी, आणि मूळ टंकलेखन निराळे जपावे.