घोरपडीचं पिल्लू सापडलं, फुसफुसतंय, चावायला येतंय. पाळावं का सोडावं?

चाकूर : वडवळ नागनाथचं बेट असो, नाहीतर जानवळ-नळेगाव भागातलं माळरान. जिथं जुना दगडी बांध आहे, ओढ्याची दरड आहे, वारूळ आहे, तिथं घोरपडीला राहायला जागा आहे. बांध फोडताना, विहिरीचं काम चालू असताना किंवा सोयाबीनची बनीम हलवताना कधी कधी वीतभर लांबीचं, ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू बाहेर पडतं. पोरं त्याच्यावर टोपलं टाकतात, मग बाटलीत नाहीतर खोक्यात घालून आखाड्यावर आणतात. दोन दिवस दूध पाजायचा प्रयत्न होतो. ते फुसफुसतं, शेपटीचा फटका मारतं, बोटाला चावतं. मग कुणीतरी मोबाईलवर शोधतं, ‘घोरपड माणसाळवायची कशी?’

उत्तर आधीच सांगून टाकू. आपल्याकडं घोरपड पाळता येत नाही, तो गुन्हा आहे, आणि साधासुधा नाही. पण ते पिल्लू एवढं चिडतं का, परदेशात लोक अशा प्राण्याला माणसाळवतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि आपल्या हातात पिल्लू आलंच तर पुढं काय करायचं, हे माहीत असलेलं बरं. कारण या सगळ्यात बहुतेक वेळा मरतं ते पिल्लूच.

पिल्लू ओळखायचं कसं?

मोठी घोरपड सगळ्यांनी पाहिलेली असते. मातकट-करड्या रंगाची, शेपटी धरून दीड मीटरच्याही पुढं जाणारी. पिल्लू मात्र वेगळंच दिसतं. अंगावर फिकट ठिपके, मानेवर-पाठीवर गडद आडवे पट्टे आणि रंग जास्त उठावदार. त्यामुळं कित्येकांना ती वेगळी जात वाटते. काही भागांत तिला ‘चंदन घोरपड’ म्हणतात, हिंदी पट्ट्यात ‘बिसखोपडा’ म्हणतात आणि ती सापापेक्षा विषारी असते असं सांगतात. असं काही नाही. चंदन घोरपड म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा साध्या घोरपडीचं लेकरू असतं. वय वाढलं की पट्टे फिके पडतात.

सापासारखे विष टोचणारे दात घोरपडीला नसतात. घोरपडीच्या कुळातल्या काही जातींच्या लाळेत विषासारखे घटक असल्याचं काही शास्त्रज्ञांनी २००६ नंतर मांडलं आहे, त्यावर त्यांच्यातच वाद चालू आहे. पण ‘घोरपडीनं फुंकर मारली की माणूस वाळत जातो’ ही नुसती भीती आहे, आणि या भीतीपोटी गावोगावी पिल्लं काठीनं मारली जातात.

जीभ सापासारखी दुभंगलेली असते, हेही लोकांना घाबरवतं. ती जीभ वास घेण्यासाठी आहे. हवेतला वास जिभेवर घेऊन टाळूतल्या एका इंद्रियाला पोचवायचा, एवढंच तिचं काम. म्हणजे जीभ आत-बाहेर करणारी घोरपड तुम्हाला धमकावत नसते. तुम्ही कोण आहात याचा ती अंदाज घेत असते.

एवढं चिडायचं कारण काय?

मादी साधारण पावसाळ्यात बीळ खोदून, कधी वारुळात, अंडी घालते. वीस-पंचवीसपर्यंत अंडी असू शकतात. अंडी फुटायला बरेच महिने लागतात. पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याला आई नसते, राखण करणारं कुणी नसतं. वरून शिक्रा-घार, खालून मुंगूस, साप, मांजर, कुत्रं. पहिल्या दिवसापासून ते सगळ्यांच्या तोंडचा घास असतं. म्हणून पिल्लं बराच वेळ झाडावर काढतात.

अशा जिवाला अंगावर येणारी प्रत्येक मोठी सावली म्हणजे मरण. आधी ते पळायला बघतं. पळायला जागा नसेल तर गळा आणि अंग फुगवतं, मोठ्यानं फुसकारतं, अंग तिरकं करून शेपटी मागं घेतं. हा इशारा असतो. तरी हात पुढं आला तर शेपटीचा फटका, मग चावा. हातात धरलं तर अंगावर घाण करतं. कधी कधी नुसतं निपचित पडतं, डोळे मिटतं. पोरं म्हणतात, ‘बघा, शांत झालं, माणसाळलं.’ ते माणसाळणं नसतं, भीतीनं गोठणं असतं.

बाहेरच्या देशांत काय करतात?

अमेरिका, युरोपात आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातली घोरपड, म्हणजे सवाना मॉनिटर, पाळायला विकली जाते. घाना, टोगो, बेनिन या देशांतून ती हजारोंनी निर्यात झाली आहे. ती पिल्लंही सुरुवातीला अशीच फुसफुसतात. तिथले अनुभवी लोक सांगतात ते आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. रोज हातात घेऊन सवय लावायची नाही. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही, कारण पक्षी तसाच येतो. पिंजरा मोठा हवा, लपायला जागा हवी, खोल माती हवी, आणि उन्हाची जागा इतकी तापलेली हवी की जमिनीचं तापमान ५० अंशांच्या पुढं जाईल. सरपटणाऱ्या प्राण्याचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं. गारठलेल्या पिल्लाला धड पचवता येत नाही, पळता येत नाही, म्हणून ते जास्तच चावतं.

मग माणसानं शेजारी नुसतं बसायचं. काही जण वापरलेला सदरा पिंजऱ्यात ठेवतात, वासाची ओळख व्हावी म्हणून. खाणं लांब चिमट्यानं द्यायचं, बोटानं नाही, नाहीतर बोट म्हणजेच खाणं अशी खूणगाठ बसते. पिल्लू आपणहून जवळ येईपर्यंत वाट बघायची. याला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं. एवढं करूनही ते कुत्र्यासारखं मायाळू होत नाही. ‘हा माणूस मला खाणार नाही’ एवढंच त्याला कळतं.

असं कळू शकतं, हे मात्र खरं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ साली दोन कोमोडो ड्रॅगन आले. ही घोरपडीच्याच कुळातली जगातली सगळ्यात मोठी जात. तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख जोन प्रॉक्टर यांच्याशी त्यातला सुंबावा नावाचा प्राणी इतका सरावला की त्या त्याला बरोबर घेऊन फिरायच्या. पण त्यांच्यामागं अख्खं प्राणिसंग्रहालय होतं, त्यासाठी बांधलेली इमारत होती आणि त्यांचा सगळा अभ्यास याच प्राण्यांचा होता. आखाड्यावरचं प्लास्टिकचं क्रेट म्हणजे ते नव्हे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघ ज्या यादीत, घोरपडही त्याच यादीत. पकडणं, बाळगणं, मारणं, विकणं, मांस खाणं, अंडी फोडणं हे सगळं गुन्ह्यात येतं. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात नुसतं पकडणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान ३ वर्षं ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘मी मारली नाही, जीव लावून पाळली’ म्हणून सुटका होत नाही. घोरपड हातात घेऊन काढलेला रील म्हणजे आपणच दिलेला पुरावा.

असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवावं, असंही याच कायद्यात आहे. ही तरतूद बऱ्याच जणांना माहीत नसते. चुकून सापडलं, कळवलं, दिलं, तर घाबरायचं कारण नाही. लपवून ठेवलं की प्रकरण बिघडतं.

‘मग मी आफ्रिकेतली विकत घेतो’ म्हणणारेही आहेत. तीही आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. शिवाय व्हॉट्सॲपवर ‘परदेशी पिल्लू’ म्हणून विकलं जातंय ते आपल्याच रानातलं नसेल याची खात्री विकणारा देणार नाही.

हाथाजोडीचंही इथंच सांगायला हवं. जत्रेत, ऑनलाइन ‘हाथाजोडी’ नावानं पूजेची मुळी म्हणून जी वस्तू विकतात, ती मुळी नाही. ती नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. २०१७ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर उघडकीस आलं. देवघरात ठेवलेली ती वस्तूही गुन्ह्यातच मोडते.

घरात किंवा विहिरीत आलं तर

घरात शिरलं तर पोरांना आणि कुत्र्याला आधी बाहेर काढा. एक दार उघडं ठेवा, बाकी बंद करा आणि लांब उभे राहा. वाट मोकळी दिसली की ते आपणहून जातं. झाडूनं ढकलू नका, शेपटी धरू नका. पालीची शेपटी तुटून परत येते, घोरपडीची येत नाही. कोपऱ्यात अडकलंच असेल तर वरून रिकामी बादली पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि वनविभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करा. माणूस येईपर्यंत बादली सावलीत ठेवा. खाणं, पाणी, दूध काही देऊ नका. दूध तर कधीच नाही, ते त्याचं अन्नच नाही.

सिमेंटच्या कड्याच्या विहिरीत पडलं असेल तर उतरायची घाई नको. घोरपड चांगली पोहते, पाण्याखालीही बराच वेळ राहते. पण गुळगुळीत भिंतीवर तिच्या नखांना पकड मिळत नाही. बाभळीची लांब फांदी किंवा पोतं गुंडाळलेला दोर तिरका सोडून बाजूला व्हा. त्या नखांची पकड काय असते हे यशवंतीच्या गोष्टीमुळं आपल्याला सांगायला नको. सिंहगडावर ती दोर घेऊन चढली याला समकालीन कागद मिळत नाही, पण पकडीचा लौकिक सगळीकडं आहे. शेजारच्या तेलुगू मुलुखात घोरपडीला उडुमु म्हणतात आणि न सोडणाऱ्या पकडीला ‘उडुमु पट्टु’.

चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, कारण तिच्या तोंडात सडक्या मांसातले जंतू असू शकतात. चिघळलं, सूज वाढली तर लगेच दाखवा. सरपटणाऱ्या प्राण्यापासून रेबीज होत नाही. मात्र नेमकं काय चावलं हे पाहिलंच नसेल तर सर्पदंश समजूनच दवाखाना गाठा. हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत, विशेषतः घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर. त्यांच्या विष्ठेतून पोटाचा आजार होतो.

ज्यांनी आधीच ठेवलंय

काही घरांत पिल्लू महिनाभरापासून खोक्यात असेल. चपाती, भात, कोंबडीचे तुकडे खाऊन ऊन न मिळालेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. असं पिल्लू रात्री गुपचूप माळावर सोडलं तर ते जगेलच असं नाही. ते वनविभागाकडं द्या, तिथून त्याच्यावर उपचार होऊ शकतात.

कोंबड्यांवाल्यांची तक्रार मात्र खोटी नाही. घोरपड अंडी खाते, लहान पिल्लंही उचलते. खुराड्याला खालून बारीक जाळी मारली, दिवस मावळायच्या आत अंडी उचलली तर त्रास बराच कमी होतो. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी १९९४ मध्ये या जातीवर अख्खं पुस्तक लिहिलं. तिच्या खाण्यात सगळ्यात जास्त वाटा भुंग्यांचा आणि इतर किड्यांचा असतो. हुमणी ही भुंग्याचीच अळी. तुमच्या खुराड्यातलं एखादं अंडं आणि बांधावर ती वेचत फिरते ते किडे, हा हिशोब ज्याचा त्यानं करावा.